पडलेला चेंडू कोण उचलणार?



चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, घरसंसार असलेल्या माणसाने तीन चेंडू एकामागून एक हवेत उडवून झेलायला शिकावे काय? प्रश्न थट्टेचा वाटेल. रविवारच्या पत्रिकेत याहून गंभीर विषय असावेत, असेही कोणी म्हणेल. पण या एवढ्याशा प्रश्नाच्या पोटात दोन मोठे प्रश्न आहेत. ज्याचा काही उपयोग नाही अशा गोष्टीत वेळ घालवणे ख्रिस्ती माणसाला शोभते का, हा एक. आणि वय झाल्यावर पुन्हा पहिल्या इयत्तेत बसण्याची आपल्याला एवढी लाज का वाटते, हा दुसरा. पहिला त्यातल्या त्यात सोपा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तो साडेसातशे वर्षांपूर्वीच बराचसा सोडवून ठेवला आहे. दुसरा अवघड आहे आणि तो आपल्या घराघरांत रोज उभा राहतो. म्हणून त्यालाच आम्ही जास्त जागा देणार आहोत.

या कलेला इंग्रजीत जगलिंग म्हणतात. मराठीत तिला एका शब्दाचे नाव नसले तरी खेळ आपल्याला परका नाही. आपल्या आज्या आणि मावश्या अंगणात सागरगोटे खेळत. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे गोटे वेचायचे आणि वरचा पडण्याआधी झेलायचा. हात एका कामात आणि डोळा दुसऱ्या कामात, हे जगलिंगचेच शिक्षण होय. इजिप्तमधील बेनी हसन येथील एका थडग्याच्या भिंतीवर चेंडू उडवणाऱ्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. ते चित्र सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे आहे. तेव्हा हा खेळ सर्कशीच्या तंबूत जन्मला असे कोणी समजू नये.

प्रौढ माणूस ही कला कशी शिकतो, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळी गंमत आणि सगळी अडचण तिथेच आहे. रबरी चेंडू घेऊ नयेत; ते उसळून कपाटाखाली जातात. जुन्या पायमोज्यांत मूठ-मूठ तांदूळ भरून गाठ मारली की उत्तम चेंडू होतात. ते पडतात तिथेच राहतात. आम्ही असेच केले. पहिले काही दिवस एकच चेंडू. तो या हातातून त्या हातात टाकायचा, पण सरळ रेषेत नव्हे, कमान करून, डोळ्यांच्या उंचीपर्यंत. हे कोणालाही जमते आणि म्हणूनच कोणी ते पुरेसे करीत नाही. मग दोन चेंडू, दोन हातांत एकेक. पहिला उडवायचा, तो कमानीच्या माथ्यावर पोहोचला की दुसरा त्याच्या खालून उडवायचा, मग झेल, झेल आणि थांबा.

खरी परीक्षा इथे होते. उजव्या हाताने पहिला चेंडू उडवला की डावा हात घाबरतो. आता येणारा चेंडू झेलायला जागा हवी म्हणून तो आपल्याजवळचा चेंडू वर न उडवता गुपचूप उजव्या हातात सरकवून देतो. शिकणाऱ्याला वाटते, आपण दोन्ही उडवले. बघणाऱ्याला मात्र दिसते की दुसरा उडालाच नाही. हाताची ही लबाडी मोडायला कित्येकांना दोन-तीन आठवडे लागतात. ती बुद्धीने मोडत नाही. नियम पाठ असतो, तोंडाने म्हणूनही दाखवता येतो, पण हात ऐकत नाही.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. हातापासून अर्धा मीटर उंच गेलेला चेंडू परत येतो तो पाऊण सेकंदापेक्षाही कमी वेळात. एक मीटर उंच उडवला तर सुमारे नऊ दशांश सेकंद मिळतो. म्हणजे उंची दुप्पट केली तरी वेळ दुप्पट होत नाही. दुप्पट वेळ हवा असेल तर चौपट उंच उडवावे लागते. गडबडलेला नवशिका वेळ मिळावा म्हणून चेंडू छताला लावतो. वेळ थोडा वाढतो आणि नेम पार बिघडतो. शिवाय प्रत्येक चेंडू थोडा पुढे जातो, त्याच्यामागे माणूस पुढे जातो आणि शेवटी स्वयंपाकघरात पोहोचतो. त्यावर उपाय म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभे राहणे. आणि कंबर दुखत असेल तर पलंगासमोर उभे राहणे. चेंडू गादीवर पडतात, फार वाकावे लागत नाही.

कारण चेंडू पडतात. किती पडतात, याची शिकण्यापूर्वी कल्पना येत नाही. अर्ध्या तासात शंभर वेळा वाकणे ही अतिशयोक्ती नव्हे. ही विद्या शिकणारा पहिल्या महिन्यात बहुतेक वेळ चेंडू उडवत नसतो, तो चेंडू उचलत असतो.

येथे प्रवचन करण्याचा मोह होतो. हात रिकामा केल्याशिवाय त्यात काही पडत नाही, असे एखादे सुंदर वाक्य सुचते. ते खरेही आहे. तीन चेंडू आणि दोन हात म्हटल्यावर एक हात मोकळा होत राहिलाच पाहिजे. पण हे वाक्य ज्याला जमते त्याला आवडते, ज्याला जमत नाही त्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. तसेच ते कंपन्यांच्या व्याख्यानांतले काचेचे आणि रबरी चेंडू, म्हणजे कुटुंब, आरोग्य, नोकरी वगैरे. ते ऐकून टाळ्या पडतात. ज्याने कधी खरोखर तीन चेंडू हातात धरले आहेत त्याला ठाऊक असते की पडणे हा इथे अपवाद नसून नित्यक्रम आहे. म्हणून आम्ही रूपके बाजूला ठेवतो आणि पडलेल्या चेंडूकडेच पाहतो.

दहा वर्षांच्या मुलाच्या हातून चेंडू पडला तर तो हसतो आणि उचलतो. चाळिशीच्या माणसाच्या हातून पडला तर तो आधी आजूबाजूला पाहतो. मग उचलतो. या पाहण्यातच आपला प्रश्न आहे. तो काय पाहतो? कोणी पाहिले तर नाही ना, हे. दिवसभर कचेरीत, शाळेत, दुकानात किंवा वाडीत तो जाणकार म्हणून वावरतो. लोक त्याला विचारतात आणि तो उत्तर देतो. घरी मुलांना तो सांगतो, 'अभ्यास कर, पुन्हा कर, चुकलास तर रडू नकोस.' हे तो अगदी मनापासून सांगतो, पण स्वतः मात्र कित्येक वर्षांत त्याने असे काहीच हाती घेतलेले नसते की ज्यात त्याला 'पुन्हा कर' असे कोणी म्हणावे. येत असलेल्या गोष्टींचे त्याने स्वतःभोवती कुंपण घातलेले असते. कुंपणाच्या आत तो राजा असतो.

या कुंपणाला आपण अनुभव म्हणतो, कधी प्रतिष्ठा म्हणतो, कधी तर नम्रतासुद्धा म्हणतो: 'छे, आमचे आता वय झाले, आम्हाला काय जमणार!' हे शेवटचे वाक्य फार फसवे आहे. ऐकायला ते लीनतेचे वाटते. पण पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की मला कोणी अडखळताना पाहू नये.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या कुंपणाबाहेर पडलेल्या एका माणसाची गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. संत इग्नेशियस लोयोला यांचा जन्म १४९१ चा. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि पुढे जे परिवर्तन घडले ते आपणा सर्वांना माहीत आहे. मानरेसाचे दिवस झाले, जेरुसलेमची यात्राही झाली. एवढे गाढ आध्यात्मिक अनुभव घेतलेला हा मनुष्य १५२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोनामध्ये लॅटिन व्याकरण शिकायला बसला. लोकांना साह्य करायचे तर शिक्षण हवे, असे त्यांनी ठरवले होते. त्या काळी लॅटिन व्याकरण हा लहान मुलांचा अभ्यास होता.

आणि तिथे एक विलक्षण अडचण आली. क्रियापदांची रूपे पाठ करायला बसले की इग्नेशियस यांच्या मनात भराभर आध्यात्मिक विचार येऊ लागत. नवे अर्थ उलगडत, नवी गोडी वाटे आणि पाठांतर राहून जाई. आपण असतो तर म्हटले असते, वा, केवढी कृपा! व्याकरण राहू द्या, देव बोलतो आहे. पण इग्नेशियस यांनी विचार केला की प्रार्थनेला बसल्यावर, मिस्सेच्या वेळी, असे प्रकाश मला मिळत नाहीत. मग धातू पाठ करतानाच ते का मिळावेत? त्यांनी ओळखले की हा मोह आहे. मग त्यांनी आपल्या शिक्षकांना सान्ता मारिया देल मार या चर्चमध्ये गाठले, घडले ते सगळे सांगितले आणि वचन दिले की बार्सिलोनात पोटापुरते भाकर-पाणी मिळत राहील तोवर दोन वर्षे मी तुमचा एकही तास चुकवणार नाही. त्यानंतर तो मोह पुन्हा आला नाही, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात नोंदवून ठेवले आहे.

वाचकहो, या प्रसंगापाशी जरा थांबू या. इथे वाईट विचार मोह बनून आले नव्हते, पवित्र विचार आले होते. प्रार्थनेत हा मनुष्य मुरलेला होता. व्याकरणात तो नवखा होता. जिथे आपण नवखे असतो तिथून मन पळ काढते आणि जिथे आपल्याला येते तिथे जाऊन बसते. मग ते 'तिथे' दुकान असो, राजकारणावरची चर्चा असो किंवा खुद्द देवघर असो. घरात मुलाशी नीट बोलायला शिकण्यापेक्षा त्याच्यासाठी नोव्हेना करणे कित्येक पित्यांना सोपे जाते. नोव्हेना वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण नोव्हेना त्याला येते आणि मुलाशी बोलणे येत नाही, एवढेच आम्ही निदर्शनास आणतो.

आता एक दुसरी गोष्ट, जी जगलिंगच्या संदर्भात हटकून सांगितली जाते. तेराव्या शतकातील एका जुन्या फ्रेंच काव्यात ती येते. एक फिरता कसरतपटू सर्वसंगपरित्याग करून क्लेअरव्होच्या मठात राहायला आला. त्याला ना स्तोत्रे येत, ना लॅटिन प्रार्थना. सगळे बंधू आपापल्या परीने देवाची सेवा करीत आणि हा नुसता खाऊन राहतो, याची त्याला लाज वाटे. म्हणून तळघरातील पवित्र मरियेच्या वेदीपुढे तो रोज एकटाच कोलांट्या उड्या मारू लागला. आपल्याला येते ते तिला अर्पण करू लागला. मठाधिपतींनी हे लपून पाहिले, तेव्हा दमून पडलेल्या त्या माणसाला पवित्र मरिया स्वतः येऊन वारा घालताना त्यांना दिसली. १८९२ साली अनातोल फ्रान्स या फ्रेंच लेखकाने ही कथा नव्याने लिहिली आणि त्या कसरतपटूला चेंडू व सुऱ्या झेलणारा जगलर केले. १९०२ मध्ये मासने या संगीतकाराची त्यावरची संगीतिका रंगमंचावर आली. तेव्हापासून ही कथा 'मरियेचा जगलर' म्हणून जगभर सांगितली जाते.

कथा गोड आहे. प्रत्येकाने आपली कला देवाला वाहावी, असा तिचा अर्थ लावतात आणि तो योग्यच आहे. पण शिकाऊ माणसाच्या बाजूने वाचली तर ती वेगळी दिसते. तो कसरतपटू आपल्या धंद्यात तरबेज होता. मठात त्याला शिकायच्या होत्या त्या प्रार्थना, आणि तिथे तो अगदी कोरा होता. लाजेपोटी तो आपल्याला येणाऱ्या गोष्टीकडे परत गेला. मरियेने त्याचा घाम पुसला, हे तिचे मातृहृदय. पण त्याच मठात एखादा थोराड बंधू असाही असेल की जो वर्षभर 'आमच्या स्वर्गीय बापा' ही प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायचा प्रयत्न करतो, तिसऱ्या ओळीला अडखळतो आणि लहान मुले त्याला हसतात. त्याच्याजवळ अर्पण करायला कसलीही कला नाही, नुसते अडखळणे आहे. त्याची गोष्ट कोणी लिहिली नाही. त्याच्या कपाळावरचा घाम पुसला गेला नसेल, असे मानायला आमचे मन तयार नाही.

पवित्र शास्त्रात असा अडखळणारा प्रौढ विद्यार्थी आहे. त्याचे नाव निकदेम. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात तो प्रभू येशूकडे येतो. परुशी होता, यहुद्यांचा अधिकारी होता, लोकांना शिकवणारा होता; आणि तो रात्री आला. रात्री का, याची विद्वानांनी पुष्कळ कारणे दिली आहेत. आम्हाला एक साधे कारण दिसते. दिवसा ज्याच्यापुढे लोक शिकायला बसतात त्याला दुसऱ्यापुढे शिकायला बसायचे होते. प्रभू त्याला नव्याने जन्मण्याविषयी सांगतो. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा जन्मायचे कसे, असे तो विचारतो, आणि आपण त्या प्रश्नाला हसतो. पण तो प्रश्न प्रत्येक प्रौढ शिकाऊ माणसाचा आहे. प्रभू त्याला थोडे टोचूनही बोलतो: तू इस्राएलचा गुरू आणि तुला हे कळत नाही? त्या रात्री निकदेमला ते कळले की नाही, हे योहान सांगत नाही. तो प्रसंगातून नाहीसाच होतो. सातव्या अध्यायात तो पुन्हा दिसतो. येशूचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नका, असे एक वाक्य चाचरत बोलतो आणि सहकाऱ्यांचे टोमणे खातो. मग एकदम एकोणिसाव्या अध्यायात, क्रुसाखाली, गंधरस आणि अगरूचे मोठे ओझे घेऊन. शिष्य पळालेले असताना तो उघडपणे आला. तीन भेटींत, एवढ्या सावकाश, तो शिकला.

आता उपयोगाचा प्रश्न. जगलिंग शिकून काय मिळते? जर्मनीतील संशोधकांनी २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले की तीन महिन्यांत तीन चेंडू झेलायला शिकलेल्या तरुणांच्या मेंदूच्या काही भागांत मोजता येण्याजोगी वाढ झाली होती आणि सराव थांबवल्यावर ती ओसरली. पुढे २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांवरही असाच अभ्यास झाला. त्यांना कला तरुणांइतकी सफाईने साधली नाही, पण ज्यांना साधली त्यांच्या मेंदूतही बदल दिसले. ही माहिती आनंदाची आहे. तरी मेंदू वाढेल म्हणून खेळा, असे आम्ही सांगणार नाही. तसे केले की खेळ औषध होतो, आणि औषध आपण आजारी असेपर्यंतच घेतो.

संत थॉमस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात खेळाविषयी स्वतंत्र चर्चा केली आहे. मनालाही शरीरासारखा थकवा येतो आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद, म्हणून योग्य मर्यादेतील खेळ हा सद्गुणाचा भाग आहे, असे ते मानतात. इतकेच नव्हे, जो स्वतः कधी हसतखेळत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्याच्या वागण्यात दोष आहे, असेही ते सांगतात. त्यांनी तिथे संत योहानाची एक जुनी आख्यायिका दिली आहे. शिष्यांबरोबर खेळताना कोणी त्यांना पाहिले आणि नाक मुरडले. तेव्हा त्यांनी धनुष्य बाळगणाऱ्या त्या माणसाला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, सतत असेच ताणत राहिलास तर? धनुष्य मोडेल, तो म्हणाला. त्याच चर्चेत थॉमस आणखी एक उदाहरण देतात: वाळवंटातील तपस्वी पाफ्नुशियस यांना असे प्रकट झाले की पुढील आयुष्यात त्यांचा सोबती एक 'जोक्युलातोर', म्हणजे लोकांचे मनोरंजन करणारा मनुष्य असेल. जगलर हा शब्द याच लॅटिन शब्दाच्या कुळातला आहे.

तेव्हा खेळ हे पाप नाही, हे ठरले. पण 'योग्य मर्यादा' या दोन शब्दांत एक खोच आहे आणि ती आपल्या घरांत पाहिली पाहिजे. संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून अर्धा तास चेंडू उडवतो, तेव्हा भांडी कोण घासते? विरंगुळा आकाशातून पडत नाही, कोणाच्या तरी वेळातून तो काढलेला असतो. घरातल्या एकाला रोज अर्धा तास नवशिका होण्याची चैन आहे आणि दुसरीला लग्नानंतर वीस वर्षांत सायकलसुद्धा शिकायला सवड मिळालेली नाही, असे असेल, तर मग दोष जगलिंगचा नसला तरी न्यायाचा प्रश्न उभा राहतोच. थॉमस यांचे धनुष्य तिच्याही हातात आहे आणि ते पहाटे पाचपासून ताणलेले आहे. आमचे मत विचाराल तर पहिली पाळी तिची. तांदूळ भरलेले मोजे तिच्या हातात द्यावेत आणि भांड्यांकडे आपण वळावे. सागरगोटे खेळलेल्या हातांना ते लवकर जमण्याचीही शक्यता आहे. नवऱ्याने ती तयारी ठेवावी.

शिकण्याची लाज कमी करणारा आणखी एक संत आपल्याजवळ आहे, तो म्हणजे संत जॉन बॉस्को. पिएमोन्त प्रांतातील बेक्की या वस्तीत १८१५ मध्ये जन्मलेला, दोन वर्षांचा होण्याआधी पित्याला मुकलेला हा मुलगा जत्रेत जाऊन डोंबाऱ्यांचे खेळ टक लावून पाही आणि घरी येऊन जमेपर्यंत तेच करीत राही. कितीदा आपटला असेल, कोण जाणे. मग सणावारी कुरणात दोन झाडांना दोर बांधून तो गावकऱ्यांना खेळ दाखवी. तिकीट एकच होते: आधी रोझरी म्हणायची आणि सकाळचे प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. ही कथा आपण मुलांना सांगतो. पण पुढचा भाग प्रौढांनी ऐकावा असा आहे. १८३१ साली तो किएरीला शिकायला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याला बसवले ते सर्वांत खालच्या वर्गात, त्याच्या कमरेएवढ्या मुलांमध्ये. दोरीवर चालून दाखवणाऱ्या आणि गावाच्या टाळ्या घेतलेल्या या तरुणाला ते बाक किती टोचले असेल! तो बसला. पुढे रस्त्यावरच्या ज्या मुलांसाठी त्याने आयुष्य वेचले, त्यांच्यापैकी अनेकांना वाढलेल्या वयात अक्षरे शिकायची होती.

आणि डोंबाऱ्यांचा उल्लेख झालाच आहे, तर एक गोष्ट न बोलता पुढे जाणे बरे नव्हे. आमच्या हातून चेंडू पडला की आम्ही हसू शकतो, कारण खाली गादी आहे. आठवड्याच्या बाजारात बांबूच्या तिकाटण्यांवर बांधलेल्या दोरीवरून हातात काठी घेऊन चालणारी सहा वर्षांची मुलगी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. खाली बाप ढोलकी वाजवतो, आई थाळी फिरवते आणि आपण नाणे टाकून पुढे जातो. तिच्यासाठी ती कला म्हणजे पोट होते. सर्कशीतही तसेच. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस काढली, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटतो आणि तो योग्य आहे. पण पुढे देशातल्या सर्कशींत मुले कशी आणली जात, कशी राबवली जात, हे न्यायालयापुढे आले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास बंदी घालण्याचे आदेश केंद्र सरकारला दिले. तोल सांभाळणे या मुलांना आपल्या आधी आले. जे आपल्याला सहाव्या वर्षी मिळाले ते मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही: पाटी, पेन्सिल आणि चुकण्याची मोकळीक.

त्या दोरीवरची एखादी मुलगी आज तिशी-पस्तिशीची असेल. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ साली सुरू झाला; पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी तो आहे आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात, मानधन न घेणारे. आपल्या वाड्या-वस्त्यांतही अंगठा उठवणाऱ्या आजी अजून आहेत, बांधकामावर आलेली जोडपी आहेत. शिकवायला जाणारे मिळतात. आपल्याला येते ते दुसऱ्याला देणे सुखाचे असते. अवघड असते ते समोर बसलेल्या बाईचे. तिचा हात कोयता धरतो, मासळीची पाटी उचलतो, भाकरी थापतो आणि 'अ' काढताना थरथरतो. नातवंडे दारातून बघत असतात. ती आधी आजूबाजूला पाहते, मग पेन्सिल पुन्हा उचलते.

शिकवायला जाणाऱ्याने अशा वेळी खिशात तांदूळ भरलेले तीन मोजे ठेवावेत, असे आम्हाला वाटते. तिची पाच अक्षरे झाली की आपण उठून उभे राहावे आणि आपल्याला अजून न जमणारी गोष्ट तिच्यासमोर करून दाखवावी. चेंडू पडतील. बहुधा एक तिच्या पायाशी जाईल. ती हसेल, तो उचलून परत देईल आणि कदाचित सांगेल की डावा हात घाई करतो आहे.